पीटीचा तास कोणाचा?

‘सर्वांगीण विकास’ हे शब्द नसलेले शाळेचे माहितीपत्रक महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. शाळा खरोखर काय देते हे जाणून घ्यायचे असेल तर माहितीपत्रक बाजूला ठेवावे आणि स्टाफरूममधल्या भिंतीवरचे वेळापत्रक वाचावे. मराठी, गणित, इंग्रजीच्या चौकटी सोडून द्याव्यात. तिथे बहुधा सगळे ठीक असते. चित्रकला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभव, ग्रंथालय या चौकटींत कोणत्या शिक्षकाची आद्याक्षरे आहेत ते पाहावे. पीटीच्या तासापुढे गणिताच्या सरांचे नाव असले, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर दहावीला मैदान दिसणार नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्या सरांचाही दोष नाही. त्यांना भूमिती संपवायची असते, आणि शिट्टी कशी वाजवायची हे बी.एड.ला कोणी शिकवलेले नसते.

सार्वजनिक हायस्कूल, म्हणजे सरकारी, जिल्हा परिषदेचे, नगरपालिकेचे किंवा अनुदानावर चालणारे, विद्यार्थ्याला काय देते याचे उत्तर धोरणांच्या भाषेत शोधले तर हजारो पाने हाती लागतात. माझे मत असे की उत्तर मंजूर पदांच्या यादीत असते. ज्या गोष्टीसाठी माणूस नेमला आहे आणि तास राखला आहे, ती गोष्ट शाळेत असते. बाकीच्या गोष्टी स्नेहसंमेलनाच्या अहवालात असतात.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी स्पष्ट तरतूद आहे: शंभराहून अधिक मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक. म्हणजे पट नव्वदचा असेल तर त्या गावातल्या मुलांचे हात आणि पाय कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. पट भरला तरी मिळणारा माणूस अंशकालीन. आणि हे सारे चौदा वर्षांपर्यंत. मोफत शिक्षणाची हमी आठवीला संपते आणि शाळेतले दुपारचे जेवणही आठवीलाच संपते. पाचवी ते दहावीच्या शाळेत हे डोळ्यांनी दिसते: एकाच व्हरांड्यात आठवीपर्यंतची मुले खिचडीला बसतात आणि नववी-दहावीची मुले आपापला डबा उघडतात, असला तर. आठवीच्या मुलाला भूक लागते आणि नववीच्या मुलाला लागत नाही, असा शोध वैद्यकशास्त्राने लावल्याचे ऐकिवात नाही.

याच उंबरठ्यावर केंद्राची एक चांगली योजना उभी आहे. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा दिलेल्या आणि निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती फक्त सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी आहे. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. अनेक घरांत नववीत मुलीचे नाव शाळेत राहते ते या पैशांवर. पण परीक्षेत निवड झालेल्यांपुरतीच ती आहे. सर्वांसाठीची सोय आठवीच्या निकालाबरोबरच आटोपलेली असते.

शाळेत विषय असणे आणि तो विद्यार्थ्याला मिळणे यांतही अंतर असते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. तो दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात, तेही सरकारी, त्यांना संस्कृत शिकायचे होते. वेळापत्रकात संस्कृत होते, शिक्षकही होते. त्यांना मात्र फारसी घ्यावी लागली. सार्वजनिक शाळेने दार उघडले, पण आतली एक खोली बंद ठेवली. आजच्या खोल्या वेगळ्या आहेत. संगणकाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, खो-खोच्या संघात कोण घेतले जाते, हस्तलिखिताचे संपादक कोणत्या तुकडीतून येतात, याची चौकशी एकदा करून पाहावी.

पुस्तकाबाहेरचे शिक्षण हायस्कुलात आणण्याची खटपट आपल्याकडे जुनी आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगाभोवती शिक्षण रचण्याची कल्पना पुढे आली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव दिला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य असे त्याचे नवे बारसे केले. दर दहा-पंधरा वर्षांनी नाव बदलत गेले आणि शाळेत त्याचे बहुतेक वेळा खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले झाले. मुलांनी केलेल्या मेणबत्त्या विकत घेणारे गिऱ्हाईक म्हणजे मुलांचेच पालक!

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांनी स्थापलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेच्या छत्राखाली १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू झाला, आणि कार्यानुभव हा शब्द निदान एका ठिकाणी तरी अंगाला लागला. सुरू करणारे डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट, म्हैसूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम, मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात. एवढे सगळे सोडून ते शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात राहायला आले.

कलबागांची मांडणी साधी होती. गावागावांत पोहोचलेली सार्वजनिक व्यवस्था म्हणजे शाळा. तेव्हा गावाचा विकास तिच्यामार्फतच व्हायला हवा. त्यांनी आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बांधला. शाळांत तो आयबीटी म्हणून ओळखला जातो आणि शालान्त मंडळाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली. आठवड्यातला एक अख्खा दिवस त्यासाठी. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. प्रत्येक मुलाने, प्रत्येक मुलीने चारही विभागांतून जायचे. मुलींना शिवण आणि मुलांना वेल्डिंग अशी वाटणी नाही. हा विषय मागच्या बाकावरच्यांची सोय लावण्यासाठी नव्हता. कलबाग त्याला सर्वसाधारण शिक्षणाचाच भाग मानत.

खरी गंमत शिकवणाऱ्यांची आहे. निदेशक गावातला किंवा आसपासचा, हाताने काम करणारा माणूस. वायरिंग करणारा वायरिंग शिकवतो. वर्गात बसून वेल्डिंगची व्याख्या लिहून घेत नाहीत; शाळेला बाक हवा असतो, तो करायचा. आधी त्याचे मापासह चित्र काढायचे, लोखंड किती लागेल ते काढायचे, खर्चाचा अंदाज मांडायचा, काम झाल्यावर प्रत्यक्ष खर्चाशी ताळा करायचा. नववीच्या गणितातली शेकडेवारी इथे पैशांत दिसते. वहीत उदाहरण चुकले तर लाल रेघ येते आणि मूल पान उलटते. बाकाचा पाय अर्धा इंच चुकला तर वर्षभर त्या बाकावर बसणारा प्रत्येक जण तो चुकवणाऱ्याचे नाव घेतो.

आरोग्याच्या विभागात मुले रक्तगट तपासतात, हिमोग्लोबिन मोजतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात तांबड्या पेशी असतातच; पण चौदा वर्षांची मुलगी स्वतःचे हिमोग्लोबिन स्वतः मोजते, तेव्हा तो आकडा ती घरी नेते आणि पालेभाजीचा विषय स्वयंपाकघरात निघतो. माती परीक्षणाचे तसेच. मुलांनी शेतातून नमुना आणायचा, तपासायचा आणि बापाला सांगायचे. ज्या घरात शाळेतल्या एकाही गोष्टीबद्दल बोलणे होत नाही, तिथे हे बोलणे होते. माझ्या हिशेबी हायस्कूलने मुलाला द्यायच्या गोष्टींत ही फार वरची आहे: घरातल्या मोठ्यांना उपयोगी पडेल असे काहीतरी आपल्याला येते, ही जाणीव. गुणपत्रिका ती देऊ शकत नाही, कारण गुणपत्रिकेचा उपयोग पुढच्या शाळेलाच असतो.

२००३ साली कलबाग गेले. पाबळचे काम सुरू आहे आणि हा अभ्यासक्रम इतर राज्यांतल्या शाळांतही गेला आहे. तरी महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांच्या संख्येपुढे तो मूठभरच. निदेशकाचे मानधन, लोखंड-सिमेंटचा खर्च आणि आठवड्याचा एक दिवस, या तिन्ही गोष्टी एकदम देणारे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक थोडे.

पाबळच्या उलट टोकाला सरकारमान्य यश पाहायचे तर ते एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे. कला संचालनालय त्या घेते आणि राज्यभरातली मुले त्यांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. गुण जोडले आणि गर्दी झाली. गर्दीबरोबर पाठांतर आले. स्मरणचित्रातली बाजारातली भाजीवाली, फुगेवाला, नळावरची रांग ही ठरलेल्या जागी ठरलेल्या पोझमध्ये घोटून घेतली जातात, आणि स्मरण उरते ते क्लासच्या कागदाचे. तरीही मी या परीक्षांच्या बाजूने आहे. आडगावच्या मुलाच्या हातात पहिला ड्रॉइंग बोर्ड यांच्यामुळे येतो, आणि मुंबईत जे. जे. नावाची शाळा आहे हे त्याला चित्रकलेच्या सरांकडूनच कळते. ते सर निवृत्त झाल्यावर जागा भरली गेली नाही, तर परीक्षेचा अर्ज भरायलाही कोणी उरत नाही.

शाळा पूर्ण असायला किती माणसे लागतात हे सरकारला ठाऊक नाही असे मुळीच नाही. १९८५-८६ मध्ये पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. संगीत, चित्रकला, समाजोपयोगी कार्य, ग्रंथालय यांसाठी तिथे स्वतंत्र पदे. शारीरिक शिक्षणाला एक शिक्षक आणि एक शिक्षिका. राहणे-जेवणे मोफत, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, आणि नववीत काही मुले वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात. पण साधारणपणे जिल्ह्याला एक विद्यालय, सहावीला ८० जागा. उरलेल्या जिल्ह्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारचा निर्णय आला तो अनुदानित शाळांतल्या शिपायाच्या नियमित पदाऐवजी ठोक भत्ता देण्याचा. सकाळी प्रयोगशाळा कोण उघडते आणि मैदानावर फक्की कोण मारते, हे ज्याला माहीत आहे त्याला या निर्णयाची किंमत कळेल.

आणि सगळी पदे भरली तरी एक अडचण उरते, ती एसटीची. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या बऱ्याच तालुक्यांत धावतात. या दोन सोयींनी हायस्कुलात जितक्या मुली आणल्या तितक्या क्वचितच कोणत्या भाषणाने आणल्या असतील. पण गाडी शाळा सुटायला लागते आणि सुटल्याबरोबर निघते. नाटकाची तालीम, कबड्डीचा सराव, विज्ञान प्रदर्शनाची तयारी हे सगळे त्यानंतरचे. म्हणून ‘शाळेनंतर उपक्रम’ अशी योजना आखणाऱ्याने आधी आगारप्रमुखांना भेटावे. जे द्यायचे ते शाळेच्या वेळेतच द्यायला हवे, नाहीतर ते गावठाणातल्या मुलांपुरते राहते, मुलींपर्यंत तर पोहोचतच नाही.

२०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात व्यवसाय शिक्षण तीन प्रकारच्या कामांत मांडले आहे: सजीवांसोबतचे काम, यंत्रे आणि साहित्यासोबतचे काम, आणि मानवी सेवांचे काम. पाबळची आठवण यावी इतके हे जवळचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे शिकायचे आहे. पाबळच्या वेळापत्रकात तो दर आठवड्याचा एक दिवस होता, तीन वर्षे सलग. दहा दिवसांत मूल रंधा धरायला शिकते, फळी सपाट करायला नाही. आणि शाळेत आलेल्या त्या सुताराला दिवसाची मजुरी बुडवून यावे लागले, तर ती कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यायची, हे मुख्याध्यापकांना लेखी सांगावे लागेल.