मेंदूतल्या पेशी चालत जातात, आणि काही अर्ध्या वाटेत अडकतात

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग सायन्सचा आहे, पण घाबरू नका, फॉर्म्युला एकही नाही.

आधी एक प्रश्न. तुमच्या मेंदूतल्या पेशी आत्ता जिथे आहेत तिथेच जन्मल्या असतील का? बहुतेकांना वाटतं, हो, रोप लावलं तिथेच वाढतं तसं. पण मेंदूवर जी सुरकुतलेली साल असते, जिला कॉर्टेक्स म्हणतात, तिथला जवळजवळ प्रत्येक न्यूरॉन बाहेरगावचा आहे. साल जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड, पण तिच्यात साधारण १६०० कोटी न्यूरॉन. त्यातले बहुतेक जन्मतात मेंदूच्या आत खोलवर, द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या भिंतीजवळ. तिथून स्वतःच्या आकाराच्या शेकडो पट अंतर कापून ते वर येतात.

हे सगळं होतं आईच्या पोटात, मुख्यतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण घालतात ना? तोवर ही गर्दी बरीचशी आपापल्या जागी पोचलेली असते.

पोचतात कशा? दोरीने! आतल्या भिंतीपासून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत काही पेशींचे लांबच लांब धागे ताणलेले असतात. त्या पेशींना रेडियल ग्लिया म्हणतात. १९७०च्या दशकात पास्को राकिच या शास्त्रज्ञाने माकडाच्या गर्भाच्या मेंदूत न्यूरॉन या धाग्यांना चिकटून चढताना टिपले. कोकणात माडावर चढणारा माणूस बघितलाय? आधी हात वर, पकड घट्ट, मग बाकीचं अंग वर ओढायचं. न्यूरॉनही तसाच. आधी एक लांब हात पुढे टाकतो, मग पोटातलं जड केंद्रक मागून ओढून घेतो. सगळा त्रास त्या केंद्रकाचाच. (काही न्यूरॉन दोरीने न येता आडव्या वाटेने येतात. ती गोष्ट वेगळी, आज नको.)

आता जीन कुठे आले यात? जीनमध्ये गूगल मॅपसारखा नकाशा असेल असं वाटतं, पण तसा नकाशा कुठेच नसतो. जीन म्हणजे प्रोटीन बनवायची कृती. त्यातलं एखादं प्रोटीन इंजिनाच्या कामाचं, एखादं रुळांच्या, एखादं सिग्नलच्या. आणि कोण काय करतं हे आपल्याला कळलं, ते बिघडल्यावरच.

सिग्नलपासून सुरुवात करू. १९५१ मध्ये फाल्कनर नावाच्या शास्त्रज्ञाने झोकांड्या खाणाऱ्या उंदरांची एक जात नोंदवली. नाव पडलं ‘रीलर’. त्यांच्या मेंदूतले थर जवळपास उलटे लागलेले होते. एरवी कॉर्टेक्स बिल्डिंगसारखा भरतो. खालचे मजले आधी, आणि वरच्या मजल्यावर राहायला येणारे खालच्यांना ओलांडून जातात. रीलरमध्ये नंतर आलेले खालीच अडकले. जबाबदार जीन हाती लागलं १९९५ मध्ये. त्याचं प्रोटीन म्हणजे रीलिन. सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी ते बाहेर सोडतात आणि त्याच्या खुणेवर येणारे न्यूरॉन आपापल्या थरात बसतात.

इंजिनाची गोष्ट मला जास्त आवडते. १९९३ मध्ये १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर लिस-१ हे जीन सापडलं. त्याच्या दोन प्रतींपैकी एक जरी गेली तरी बाळाचा मेंदू वळ्यांशिवाय, जवळजवळ गुळगुळीत राहतो. याला लिसेनसेफली म्हणतात. पण हे जीन नेमकं करतं काय? उत्तराचा धागा मिळाला बुरशीत! शिळ्या अन्नावर येते त्या कुळातल्या एका बुरशीतही याचं भावंड आहे, आणि तिथे ते बिघडलं की केंद्रकं पेशीत पुढे सरकत नाहीत. म्हणजे केंद्रक ओढणारी जी मोटर असते, तिचा हा मदतनीस.

आता रूळ. पेशीच्या आत प्रोटीनच्या बारीक नळ्या असतात, त्यांवरून ती मोटर चालते. त्या नळ्या भक्कम ठेवणारं प्रोटीन म्हणजे डबलकॉर्टिन. त्याचं जीन एक्स गुणसूत्रावर असतं आणि ते १९९८ मध्ये ओळखलं गेलं. मुलग्याकडे एक्स एकच. ते जीन बिघडलेलं असेल तर बहुतेकदा लिसेनसेफली. मुलीकडे दोन एक्स, पण प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करून ठेवते, कुठला ते नशिबावर. तीन रंगांची मांजर पाहिलीय ना? तिच्या अंगावरचे काळे आणि नारिंगी ठिपके याच कारणाने पडतात.

तर अशा मुलीच्या मेंदूत काय होतं? ज्या पेशींत चांगलं एक्स चालू, त्या वर पोचतात. ज्यांत बिघडलेलं चालू, त्यांतल्या कितीतरी वाटेतच थांबतात. एमआरआयमध्ये नेहमीच्या कॉर्टेक्सखाली राखाडी रंगाचा आणखी एक पट्टा दिसतो, म्हणून नाव ‘डबल कॉर्टेक्स’. अशा मुलींना बऱ्याचदा लहानपणीच फिट यायला लागतात, शिकण्यात अडचणी येतात. काहींना मात्र त्रास इतका कमी की मुलगा आजारी निघेपर्यंत स्वतःचं कळलेलंच नसतं.

आणि इथे मला जरा थांबायचंय. अशा घरात बाळाच्या आईला काय काय ऐकावं लागतं! ग्रहण पाळलं नाहीस, जड उचललंस, ऑफिसला गेलीस. यातल्या कशानेही न्यूरॉन दोरीवरून घसरत नाही. गरोदरपणातलं सीएमव्हीसारखं इन्फेक्शन प्रवास बिघडवू शकतं, हे खरं, पण तेही कुणी मुद्दाम ओढवून घेत नाही. लिस-१ चा बिघाड बहुतेक वेळा बाळातच नव्याने झालेला असतो, आई-बाबांत तो नसतोच. डबलकॉर्टिनचा बिघाड आईकडून येऊ शकतो. मग प्रत्येक खेपेला तो पुढे जाण्याची शक्यता निम्मी. पण आईला तरी तो कुठे निवडून मिळालेला असतो? पुढच्या बाळाचा विचार असेल तर हा फरक फार महत्त्वाचा, आणि तो सांगते जीन टेस्ट आणि जेनेटिक काउन्सेलर, शेजारच्या काकू नाही.

इलाज? आज हातात आहेत फिटच्या गोळ्या, फिजिओथेरपी, शिकवण्याची मदत. चुकलेला प्रवास माणसात पुन्हा सुरू करता येत नाही. पण २००९ मध्ये एक भारी प्रयोग आला. डबलकॉर्टिन कमी करून रॅटच्या मेंदूत असा पट्टा तयार केला होता. जन्मानंतर लवकरच ते प्रोटीन परत चालू केलं, तर थांबलेल्या पेशींपैकी बऱ्याच पुन्हा चढायला लागल्या. पट्टा लहान झाला, फिट येण्याचा धोकाही उतरला. म्हणजे दोरी अजून तिथेच होती, आणि चढणारेही.

पुढच्या भागात त्या आडव्या वाटेने येणाऱ्या न्यूरॉनकडे जाऊ. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पण प्लीज, दोन मिनिटांच्या आत!