नवी गिटार खरखरते म्हणजे पीस खराब?

दुकानात छान वाजलेली गिटार घरी आणावी, जाड तार छेडावी आणि सुराबरोबर पत्रा थरथरल्यासारखी खरखर यावी, की निकाल ठरलेला: ‘पीस खराब निघाला.’ बहुतेक वेळा तसं नसतं. तार कुठल्या तरी फ्रेटला, म्हणजे सतारवाल्यांच्या भाषेत पडद्याला, चाटून जातेय, एवढंच. गोदाम, ट्रक, दुकान या प्रवासात लाकूड दमट होतं, सुकतं आणि तारेखालची जागा बदलते. ती पुन्हा नीट बसवणं म्हणजे सेटअप. तो महागड्या गिटारलाही लागतो.

हिशोब मिलिमीटरचा आहे. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर बाराव्या फ्रेटशी जाड तार साधारण 2.5 मिलिमीटर उंच असते. ही उंची, म्हणजे ॲक्शन, जितकी कमी तितकी गिटार भारी असं मानणारे पुष्कळ. बोटांना सुख होतं खरं, पण तारेला झुलायला जागा उरत नाही.

सगळ्यांत महागात पडणारा समज ट्रस रॉडचा. ‘चावी फिरव, खरखर जाईल,’ असं कुणीतरी सांगतंच. ही नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांडीच्या, आतली धातूची सळई तारांच्या ओढीला तोलून धरते. तिनं बाक बदलायचा असतो, उंची नव्हे. म्हणून आधी बाक पाहावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, जाड तार चौदाव्यावर दाबा. सातव्याशी तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. फटच नसेल तर नेक सपाट झालीय किंवा उलटी वाकलीय, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवरची खरखर बहुधा त्यातूनच येते. मग रॉड सैल करायचा: घड्याळाच्या उलट, पाव फेरा, आणि पुन्हा सुरात लावून ऐकायचं. चावी अडली तर जोर लावू नका. नायलॉनच्या तारांच्या बऱ्याच क्लासिकल गिटारींना रॉड नसतोच.

फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच जास्त खोल गेलेली असते. एकाच जागी खरखर असेल तर पुढचा फ्रेट उचललेला असण्याचा संशय घ्यावा. तीन फ्रेटवर टेकेल अशी छोटी सरळ पट्टी ठेवा. ती डुगडुगत्या पाटासारखी हलली, की मधला चोर सापडला. भाचीच्या गिटारवर मात्र आम्ही अर्धा तास फ्रेट तपासले आणि दोषी निघाली खुंटीभोवतीची सैल चकती!

‘जोरात दाब’ हा सल्लाही फुकटचा. बोट फ्रेटच्या लगेच मागे हवं. लांब ठेवलं तर कितीही दाबा, तार कुरकुरणार.

पावसाळ्यालाही उगाच बोल लागतो. दमट हवेत खोक्याचा वरचा तक्ता फुगून तारा सहसा उंचावतात. खरखर जास्त करून कोरड्या हवेत, सतत चालणाऱ्या एसीत डोकं वर काढते.

आणि हा आवाज मुळात वाईट नाहीच. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; तिथले कारागीर घोडीची पाठ घासून, तारेखाली सूत सरकवून हीच झणझण मुद्दाम साधतात. तिला जवारी म्हणतात. गिटारला ती नको असते, इतकंच.

उचललेला फ्रेट किंवा पिळलेली नेक असेल तर गिटार बिनदिक्कत दुकानात परत न्या. बाकीच्यासाठी कारागीर गाठा, पण त्याला नुसतं ‘खरखरते’ म्हणू नका. कोणती तार, कितवा फ्रेट, मोकळी की दाबलेली, हे चिठ्ठीवर लिहून न्या.