टाकीत कोणीही उतरायचे नाही

खांद्यावर फावडे टाकून विनोबा भावे पवनारहून सुरगावच्या वाटेला लागत. 1946 सालची ही गोष्ट. चालत जायचे, रस्त्याकडेला आणि गोदरीत पडलेला मैला उचलायचा, त्यावर माती लोटायची आणि परत यायचे, असा त्यांचा नेम होता. एका पावसाळ्यात वाटेतला नाला दुथडी भरून वाहत होता. पलीकडे जाणे शक्यच नव्हते. विनोबांनी काठावरून पलीकडच्या माणसाला हाक मारली आणि निरोप दिला, की देवळातल्या देवाला सांग, गावचा सफाईवाला आला होता, पण पुरामुळे परत गेला.

त्याआधी दहाएक वर्षे, गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहायला आले तेव्हा, जवळच्या सिंदी गावात मीराबहन आणि आश्रमातली माणसे बादल्या-फावडी घेऊन जात होती. आपली घाण आपण उचलायची, हा विचार वर्ध्याच्या मातीत असा रुजला.

या विचाराला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच काळात रोखठोक आक्षेप घेतला होता. सफाईच्या कामाचा गौरव केल्याने ते काम करणाऱ्यांची जातीतून सुटका होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरे ठरले. केंद्र सरकारने गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या सुमारे 38 हजार कामगारांची नोंद घेतली, तेव्हा त्यांतले जवळपास 69 टक्के अनुसूचित जातींचे निघाले. आश्रमातल्या माणसांनी फावडे स्वतःहून हाती घेतले होते. या कामगारांपुढे दुसरे काम फारसे कधी आलेच नाही.

दरम्यान मैला जमिनीखाली गेला. वर्धा शहराला लागून असलेली सिंदी, पिपरी, सावंगी, बोरगाव ही ‘मेघे’ गावे आता लेआउटांनी भरली आहेत. जिथे भुयारी गटार पोचलेले नाही, तिथे घरामागे सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा असतो. त्यात जिल्ह्याची कपाशीची काळी माती. ही माती पाणी लवकर पीत नाही. पावसाळ्यात शोषखड्डा तुडुंब होतो, टाकीतले पाणी पुढे सरकत नाही आणि दिवाळीला घर पाहुण्यांनी भरले, की संडास तुंबतो. मग धावाधाव सुरू होते.

ही धावाधाव जवळून पाहण्यासारखी आहे. टाकीचे झाकण कुठे आहे हेच घरात कोणाला आठवत नाही, कारण त्यावर पोर्चची फरशी बसवलेली असते. पहारीने ती उचकटली जाते. सक्शनची गाडी जाड पाइप आत सोडते आणि वरचे पाणी ओढून घेते. तळाशी मात्र दहा-बारा वर्षांचा गाळ चिखलासारखा घट्ट बसलेला असतो, तो पाइपात येत नाही. गाडीवाल्याला पुढच्या घरी जायचे असते, मालकाला आजच्या आज संडास सुरू हवा असतो. अशा वेळी गाडीवरच्या पोराला सांगितले जाते, ‘जरा उतर, ढवळून दे.’

त्या गाळात हायड्रोजन सल्फाइड वायू अडकून बसलेला असतो. गाळ ढवळताच तो बाटलीचे बूच उडावे तसा बाहेर येतो. थोडा असला तर त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण शंभरच्या आसपास गेले, की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते आणि आतल्या माणसाला वाटते, वास गेला, आता ठीक आहे. पाचशे-सातशेला तो कोसळतो, हजाराला जागच्या जागी जीव जातो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. मोकळ्या हवेत साधारण 21 टक्के असलेला ऑक्सिजन आत किती उरला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. कंदील सोडून हवा तपासायची जुनी रीत तर जिवावर बेतणारी आहे: टाकीत मिथेनही असतो आणि तो पेट घेतो. तोंडाला बांधलेला रुमाल यातले काहीच अडवत नाही.

एक माणूस पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो. तोही पडतो. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंमध्ये 60 टक्क्यांहून अधिक माणसे मदतीला धावलेली असतात, असा इशारा अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संस्थेने 1986 मध्येच दिला होता. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा येथे, मे 2023 मध्ये एका शेतातली टाकी साफ करताना 5 कामगार गेले. 2019 ते 2023 या पाच वर्षांत देशात असे 377 मृत्यू झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. 2022 आणि 2023 मधल्या 54 मृत्यूंची पाहणी झाली, तेव्हा 49 जणांच्या अंगावर संरक्षणाचे एकही साधन नव्हते, असे आढळले.

कायदा आहे. 2013 साली झालेला हाताने मैला साफ करण्यावरील बंदीचा कायदा त्याच वर्षी 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, अंमलात आला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा केले तर 5 वर्षे आणि 5 लाख. ही बंदी नगरपालिका, ठेकेदार आणि तुमच्या-आमच्यासारखा घरमालक, सर्वांना सारखीच लागू आहे. पैसे देऊन गाडी बोलावली म्हणजे जबाबदारी गाडीवाल्याकडे गेली, हा समज चुकीचा आहे.

हे सिद्ध करून दाखवले मुंबईतल्या तीन विधवांनी. गोवंडीतल्या एका खाजगी सोसायटीची टाकी साफ करताना डिसेंबर 2019 मध्ये त्यांचे पती दगावले. नोकरी खाजगी ठेकेदाराकडची, काम खाजगी इमारतीचे, त्यामुळे भरपाई द्यायची कोणी हा प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये राज्य सरकारला सांगितले, की प्रत्येकीला 10 लाख रुपये आधी द्या आणि मग ज्यांनी काम दिले त्यांच्याकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटारातल्या अशा मृत्यूंसाठीची भरपाई 30 लाख केली.

पण भरपाई मेल्यावर मिळते. मरण टाळायचा मार्ग महाराष्ट्रातच सापडला आहे आणि त्याला फार मोठ्या यंत्राचीही गरज नाही. साताऱ्यातल्या वाई नगरपालिकेने 2018 पासून शहरातल्या टाक्या तुंबायची वाट न पाहता, दर 3 वर्षांनी पाळीपाळीने उपसायला सुरुवात केली. नाशिकजवळच्या सिन्नरनेही तोच मार्ग धरला. तीन वर्षांचा गाळ पातळ असतो, गाडीच्या पाइपात सहज येतो. ढवळायला कोणाला उतरवण्याची वेळच येत नाही. खर्च स्वच्छता करातून भागतो आणि उपसलेला मैला ओढ्यात न जाता प्रक्रिया केंद्रात जातो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी यांच्या नगरपालिकांनी, आणि त्याहून आधी मेघे ग्रामपंचायतींनी, हे वेळापत्रक उचलावे. त्यात अवघड असे काही नाही.

जिथे नवे घर उभे राहते आहे, तिथे टाकीच नको. कोकणात गांधीविचाराने काम करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणारे स्वस्त संडास घडवले. तोच वसा देहूचे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी चालवला. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे. दीड-दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याची माती होते, घरमालक ती स्वतः फावड्याने काढू शकतो. काळ्या मातीत मात्र खड्डे मोठे घ्यावेत आणि भोवती वाळूचा थर द्यावा, नाहीतर पाणी जिरणार नाही.

ज्यांच्या घरी टाकी आहे, त्यांच्यासाठी पावसाळा सरल्यावरचे दिवस उपशाला चांगले, कारण जमिनीतले पाणी खाली जाऊ लागते. झाकण फरशीखाली गाडू नये. गाडी येईल तेव्हा समोर उभे राहावे. गाळ घट्ट निघाला तर पाण्याचा जोरदार फवारा मारून तो बाहेरूनच सैल करायला सांगावे, त्याचे जास्तीचे पैसे लागले तर द्यावेत. तरीही कोणी उतरायला निघाला तर काम तिथेच थांबवावे. यासंबंधीच्या मदतीसाठी आणि तक्रारीसाठी 14420 हा क्रमांक आहे. कोणी आत पडलाच, तर त्याच्या मागे उडी न घेता 112 ला फोन करून अग्निशमन दलाला बोलवावे. टाकी रिकामी झाली, की झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने तारीख लिहून ठेवावी. तीन वर्षांनी ते झाकण उघडणाऱ्या माणसाला ती दिसेल.