सॅं मालोचा बारा मीटरचा समुद्र

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या सॅं मालो गावाला बाँ-सकूर नावाची पुळण आहे. भरतीच्या वेळी गावाच्या तटावरून पाहिलं तर ती दिसतच नाही. भर पाण्यात सूर मारण्यासाठी बांधलेला एक काँक्रीटचा मनोरा तेवढा उभा असतो, कुणीतरी न्यायचा विसरल्यासारखा. सहा तासांनी तिथेच परत या. मनोऱ्याला लागून एक चौकोनी तलाव उघडा पडलेला असतो, पलीकडे ओली वाळू, मग खडक, आणि समुद्र पार लांब. हा तलाव 1930च्या दशकातला. ओहोटीत समुद्र इतका मागे हटतो की पोहायला आलेल्या माणसाने पाणी गाठायचं म्हणजे पायपीटच. म्हणून जाताना समुद्राने थोडं पाणी मागे ठेवावं अशी ही सोय.

मोठ्या उधाणाला इथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत बारा मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे चार मजली इमारत दिवसातून दोनदा बुडते आणि दोनदा कोरडी होते. खुल्या अटलांटिकमध्ये मात्र हाच फरक याहून कितीतरी कमी असतो. मग एवढं पाणी येतं कुठून?

याचं उत्तर किनाऱ्याच्या आकारात आहे. भरतीची लाट पश्चिमेकडून इंग्लिश खाडीत शिरते. तळ उथळ होत जातो तसा तिचा वेग मंदावतो आणि मागून येणारं पाणी चढत जातं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे रेटलं जातं. पूर्वेकडे निघालेल्या या लाटेच्या उजव्या हाताला फ्रान्स आहे, म्हणून समोरच्या इंग्लंडपेक्षा इथे पाणी जास्त चढतं. त्यात वाटेत कोताँतँ द्वीपकल्प आडवं उभं. त्याला थडकून परतणारं पाणी आणि नव्याने येणारं पाणी यांची बेरीज सॅं मालोच्या दारात होते. आपल्याकडे खंबातच्या आखातात भावनगरजवळ असाच प्रकार आहे. तिथेही फरक दहा मीटरच्या वर जातो.

आणि अशी मोठी उधाणं वसंतात का येतात? 21 मार्चच्या आसपास सूर्य विषुववृत्तावर असतो, आणि त्या सुमाराच्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला चंद्रही फारसा दूर नसतो. दोघांची ओढ एका रेषेत येते. इथे एक गंमत सांगायलाच हवी. सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा सुमारे पावणेदोनशे पट जोराने खेचतो, तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी! कारण भरती एकूण ओढीने येत नाही. पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंवरच्या ओढीत किती फरक आहे, त्याने येते. चंद्र जवळ असल्याने तो फरक मोठा. मला तर हे दर वेळी नव्याने पटवून घ्यावं लागतं.

समुद्र मात्र आकाशाच्या थोडा मागे चालतो. 20 मार्च 2015ला अमावास्या होती, युरोपात सूर्यग्रहणही दिसलं. पण ज्या भरतीला फ्रान्समध्ये शतकातली भरती म्हणून गर्दी लोटली, ती आली दुसऱ्या दिवशी, 21 तारखेला. आपल्याकडे त्या दिवशी गुढीपाडवा होता. फ्रेंच लोक उधाणाची ताकद 20 ते 120 अशा गुणांकात मोजतात. त्या दिवशीचा गुणांक 119 होता.

सुट्टीवर आलेल्याला सगळ्यात उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. एकाच ठिकाणी उधाणाची भरती नेहमी साधारण ठरावीक वेळीच येते. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा येतो, तेव्हा वेळ बहुधा दुपारी बारा-एकच्या आसपासची असते, हे आठवून पाहा. सॅं मालोत ती सकाळी आणि संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान येते. म्हणजे सर्वांत मोठी ओहोटी नेमकी दुपारी, उन्हात! तेव्हा अख्खं गाव वाळूत उतरतं. बादल्या, दाताळी घेऊन लोक शिंपल्या उकरतात, पोरं खडकांतल्या डबक्यांतले खेकडे धरतात. शेजारच्या कांकालला कालवांची शेतं उघडी पडतात. संध्याकाळी तीच माणसं सियाँच्या लांब पुळणीच्या भिंतीवर लाटा फुटताना पाहायला जमतात. त्या भिंतीपुढे ओकच्या ओंडक्यांच्या रांगा रोवल्या आहेत, लाटांचा जोर मोडायला.

ओहोटीत चालत जाता येतं ते ग्रां-बे नावाच्या बेटावर. हाजी अलीला जाणाऱ्याला ही वाट नवी वाटणार नाही. लेखक शातोब्रियाँ 1848 साली वारल्यावर इथेच पुरला गेला. थडग्यावर नाव नाही, समोर नुसता समुद्र. पण घड्याळ पाहत राहा. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं. बारा मीटरचा हिशेब केला तर मिनिटाला पाच सेंटिमीटर. वाट बुडाली तर पाण्यात उतरायचं नाही, बेटावर बसून पुढच्या ओहोटीची वाट पाहायची.

तटाच्या आतलं गाव जुनं दिसतं, पण त्यातलं बरंचसं ऑगस्ट 1944च्या मारगिरीत उद्ध्वस्त झालं आणि नंतर ग्रॅनाइटमध्ये पुन्हा उभारलं गेलं. तटावर सुर्कूफचा पुतळा आहे. 1800 साली बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' जहाज लुटणारा तो हाच. 1746मध्ये मद्रास जिंकणारा ला बूर्दोनेही इथलाच. गल्ल्यांत कुट्टूच्या पिठाचे खमंग घावन आणि खारं लोणी मिळतं. ते सोडू नका.

गावाजवळच रान्स नदीच्या मुखावर 1966 साली धरण बांधून भरतीपासून वीज काढायला सुरुवात झाली. 24 टर्बाइन, 240 मेगावॉट. पुढची पंचेचाळीस वर्षं, कोरियातलं सिहवा केंद्र 2011मध्ये सुरू होईपर्यंत, जगात याहून मोठं भरती-वीज केंद्र नव्हतं. इंधन म्हणाल तर चंद्र आणि सूर्य.

जायचं ठरवलंत तर विमानाआधी पंचांग पाहा. होळी पौर्णिमा, पाडवा किंवा चैत्र पौर्णिमा यांपैकी विषुवदिनाच्या जवळची तिथी निवडा आणि तिच्यानंतरचे दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. अष्टमीच्या आसपास गेलात तर भांगाचा, म्हणजे कमी चढउताराचा समुद्र मिळेल, आणि त्यासाठी इतक्या लांब जाण्यात अर्थ नाही. पोहण्याची हौस मात्र आवरा: एप्रिलमध्येही पाणी दहा-अकरा अंशांवरच असतं.