दाबाखालीं विरघळणारा वायु

सोड्याची बाटली फोडतांच गोळी आंत जाते, फस्स असा आवाज होतो आणि इतका वेळ निवांत असलेलें पाणी उसळूं लागतें. तो वायु म्हणजे कर्बद्विप्राणिद, ज्यास आतां कार्बन डायऑक्साइड म्हणतात. वरचा दाब गेला कीं विरघळलेल्या वायूस पाण्यांत थारा उरत नाहीं. उष्णमान तेंच ठेविल्यास विरघळणारा वायु दाबाच्या प्रमाणांत वाढतो, हा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनीं १८०३ सालीं मांडला.

परंतु पाणी हें या वायूचें कांहींसें कृपण यजमान आहे. वातावरणाच्या साध्या दाबाखालीं, २५ अंश सेंटिग्रेडला, एक लिटर पाण्यांत जेमतेम पाऊण लिटर वायु मावतो. तितक्याच मेथिल अल्कोहलांत साडेतीन लिटर आणि ॲसिटोनांत सुमारें सहा लिटर मावतो. पाण्याचे रेणु एकमेकांस घट्ट धरून असतात. नव्या पाहुण्यास जागा देण्यासाठीं ती पकड सोडवावी लागते. ॲसिटोनसारख्या सेंद्रिय द्रवांत ती सैल असते. शिवाय त्याच्या रेणूंतील किंचित् ऋणभारित प्राणवायु कर्बद्विप्राणिदांतील कर्बास जवळ ओढतो.

दाब पन्नास-साठ वातावरणांवर गेला कीं मात्र हेन्रींचा नियम लंगडूं लागतो. वायु इतका आंत शिरतो कीं द्रवच फुगून दुप्पट-तिपटीहून मोठा होतो. मग कोण कोणांत विरघळलें, हा प्रश्न शब्दांचाच उरतो! अशा फुगलेल्या द्रवाची इतर पदार्थ विरघळविण्याची शक्ति घटते. त्यांतील औषध बारीक स्फटिकरूपानें खालीं बसविण्याची युक्ति यावरच आधारलेली आहे.

मोठा उपयोग मात्र कारखान्यांत. कोळशापासून केलेल्या वायुमिश्रणांतून कर्बद्विप्राणिद व गंधकयुक्त वायु काढून टाकावे लागतात, कारण गंधकाचा अंशही पुढील क्रियेच्या उत्प्रेरकास विषासारखा मारक ठरतो. त्यासाठीं लुर्गी व लिंडे या जर्मन कंपन्यांनीं शून्याच्या बऱ्याच खालीं थंड केलेल्या मेथिल अल्कोहलाची पद्धति बसविली, आणि दक्षिण आफ्रिकेंतील सासोलबुर्ग येथें १९५५ च्या सुमारास ती मोठ्या प्रमाणावर चालू झाली. थंडीमुळें विद्राव्यता अनेक पटींनीं वाढते आणि अल्कोहल वाफ होऊन उडून जाण्याचें प्रमाणही घटतें. दाबाखालीं वायु शोषवावा, मग दाब पायरीपायरीनें उतरवावा. प्रथम निसटणारा थोडा हायड्रोजन परत घ्यावा, नंतर कर्बद्विप्राणिद वेगळा काढावा, आणि तोच द्रव पुन्हां कामास लावावा. सोड्याच्या बाटलीचाच हा थोरला भाऊ म्हणावयाचा.

मग वेगळा काढलेला वायु जातो कोठें? कांहीं यूरिया करण्यास लागतो. उरलेला बहुधा धुराड्यांतून आकाशांत सोडला जातो, आणि पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेची काळजी तेथूनच सुरू होते. अमेरिकेंतील नॉर्थ डकोटांतील ब्यूला येथील कोळशाच्या कारखान्यांतही हीच पद्धति आहे. तेथील वायु २००० सालापासून सुमारें ३३० किलोमीटर नळांतून कॅनडांतील वेबर्न येथील तेलक्षेत्रांत धाडण्यांत येऊं लागला. तेथें सुमारें दीड किलोमीटर खोल, दाबाखालीं, तो खनिज तेलांत विरघळतो. तेंही सेंद्रिय द्रवच. तेल फुगतें, पातळ होतें आणि खडकांतून सुटून विहिरीकडे वाहूं लागतें. बराचसा वायु खालींच राहतो. वर आलेलें तेल मात्र कोठें तरी जळतेंच.