सीमेपाशी अडणारी वर्गणी

तापी नदीच्या मुखाजवळ वसलेल्या सुरत बंदरातून मोगलांच्या काळी जी जहाजे मक्केच्या वाटेला लागत, त्यांच्या नाखव्याला मालाबरोबर एक कागदही जिवापाड जपावा लागे. तो कागद म्हणजे पोर्तुगीजांचा परवाना. ‘कार्ताझ’ हे त्याचे नाव. समुद्रावर कोणी कुंपण घातले नव्हते. परंतु त्यावरून जाण्याची मुभा मात्र विकत घ्यावी लागत असे. ज्या जहाजाजवळ हा कागद नसे ते वाटेत पकडले जाई. १६१३ साली तर जहांगीर बादशहाच्या मातोश्री मरियम-उझ-झमानी यांचे ‘रहीमी’ नावाचे जहाज, परवाना जवळ असतानाही, पोर्तुगीजांनी सुरतेजवळ ताब्यात घेतले. बादशहाचा कोप झाला, दमणला वेढा पडला, आणि समेट होण्यास १६१५ साल उजाडले.

ते परवाने कधीच इतिहासजमा झाले. तथापि पैसे भरूनही सीमेपाशी अडण्याचा अनुभव आज निराळ्या रूपाने पुन्हा येऊ लागला आहे. सुरतेच्या हिऱ्यांचा व्यापार बेल्जियममधील अँटवर्प शहराशी जोडलेला आहे. त्या व्यापाराच्या निमित्ताने गुजरातमधील कित्येक कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या दमणमधून आणि समुद्रापलीकडच्या दीवमधून पुष्कळ लोक प्रथम पोर्तुगाल आणि तेथून इंग्लंडमधील लेस्टर शहर गाठते झाले. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. आपल्या गावांप्रमाणे त्यांचीही शिकलेली मुले दूरदेशी जाण्याची स्वप्ने पाहतात. घरून निघताना मोबाईलमध्ये मराठी मालिका, चित्रपट आणि क्रिकेट दाखवणाऱ्या कंपनीची वर्षाची वर्गणी भरलेली असते. परदेशी विमानतळावर उतरून तो मोबाईल उघडावा, तर पडद्यावर अक्षरे येतात की, हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही!

असे का व्हावे? वर्गणीची मुदत तर संपलेली नाही. पैसे घेणारी कंपनी तीच, पाहणारा माणूस तोच, यंत्रही तेच. मग बदलले काय? बदलला तो केवळ देश. या प्रश्नाचा उलगडा आम्ही आज वाचकांपुढे ठेवू इच्छितो. कारण हा विषय परदेशी गेलेल्यांचा असला, तरी त्यांच्या वर्गणीचे पैसे पुष्कळदा गावाकडील वडीलच भरीत असतात.

प्रथम हे समजून घेऊ की, आपण कोठे आहोत हे त्या कंपनीला कळते कसे. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला जोडणीच्या वेळी अंकांचा एक पत्ता मिळतो. टपालखात्याचा पिनकोड जसा विशिष्ट भागाचा असतो, तसे या अंकांचे गट निरनिराळ्या देशांतील इंटरनेट कंपन्यांना वाटून दिलेले असतात. सुरतेहून जोडणी केली की भारतातील पत्ता दिसतो. अँटवर्पहून केली की बेल्जियममधील. दार उघडायचे की नाही हे त्या पत्त्यावरून क्षणार्धात ठरते.

दार लावण्याचे कारण मात्र यंत्रात नसून करारात आहे. चित्रपट, मालिका किंवा खेळाचा सामना दाखविण्याचा हक्क सबंध जगासाठी एकाच वेळी क्वचितच विकला जातो. तो देशवार विकला जातो. आयपीएलचेच उदाहरण पाहा. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क जून २०२२ मध्ये लिलावात ४८,३९० कोटी रुपयांना गेले. परंतु ही रक्कम एका हक्काची नव्हे. भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीचे हक्क वेगळे, उपखंडातील इंटरनेटचे वेगळे, आणि उरलेल्या जगाचे त्याहून वेगळे असे गट पाडण्यात आले होते. ज्याने उपखंडापुरताच हक्क घेतला, त्याला बेल्जियममधील प्रेक्षकास तो सामना दाखविण्याचा अधिकारच नाही. मग त्या प्रेक्षकाने सुरतेत वर्गणी भरलेली असो वा नसो.

या पद्धतीला केवळ लोभ म्हणणे न्यायाचे होणार नाही. लहान भाषेतील चित्रपट काढणारा निर्माता आपले हक्क निरनिराळ्या देशांत आगाऊ विकूनच भांडवल उभे करतो. शिवाय भारतातील वर्गणी युरोपातील वर्गणीपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. भारताच्या दरात सर्व जगाला पाहता आले, तर कोणीही आपल्या देशाचा दर देणार नाही, आणि कंपनी अखेरीस भारताचा दर वाढवील. आपल्या गावातील गरीब ग्राहकाला स्वस्त वर्गणी मिळते, तिच्यामागे ही कुंपणेही काही अंशी उभी आहेत, हे विसरून चालणार नाही.

परंतु कुंपण घालण्यास कारण असले, तरी प्रवाशाने काय करावे हा प्रश्न उरतोच. युरोपात तो फार तीव्रतेने जाणवला. तेथे सकाळी एका देशात निघालेला मनुष्य दुपारी दुसऱ्या देशात आणि रात्री तिसऱ्या देशात असू शकतो. माल, मजूर आणि भांडवल यांना सीमा मोकळ्या. चित्रपटाला मात्र बंद!

या वादाला तोंड फोडणाऱ्यांत इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथील कॅरेन मर्फी ही एक मद्यगृह चालविणारी स्त्री होती. इंग्लिश फुटबॉलचे सामने गिऱ्हाइकांना दाखविण्यासाठी इंग्लंडमधील कंपनी जी वर्गणी मागे, ती तिला परवडेना. म्हणून तिने ग्रीसमधील कंपनीचे कार्ड स्वस्तात घेतले व त्यावर तेच सामने दाखविले. तिच्यावर खटला होऊन दंड आणि खर्च मिळून सुमारे ८,००० पौंड भरण्याची पाळी तिच्यावर आली. ती खचली नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. ४ ऑक्टोबर २०११ रोजी निकाल लागला की, दुसऱ्या सदस्य देशातील कार्ड आणून वापरण्यास सरसकट बंदी घालणारा कायदा युरोपच्या मुक्त सेवाव्यवहाराच्या तत्त्वाविरुद्ध आहे. मात्र त्याच निकालात असेही सांगितले की, सामन्याभोवतीचे बोधचिन्ह, गीत व रेखाचित्रे यांवर स्वामित्वहक्क असतो, आणि ती सार्वजनिक ठिकाणी दाखवायची तर मालकाची परवानगी हवी. २०१२ साली इंग्लंडच्या न्यायालयाने तिची शिक्षा रद्द केली. ग्राहकाची बाजू आणि निर्मात्याची बाजू, दोन्ही खऱ्या असू शकतात, हाच या खटल्याचा बोध आम्हांला वाटतो.

त्यानंतर काही वर्षांनी युरोपीय संघाने प्रवाशापुरता मार्ग काढला. १४ जून २०१७ रोजी एक नियम संमत होऊन १ एप्रिल २०१८ पासून तो अंमलात आला. त्याची युक्ती मोठी सुटसुटीत आहे. संघातील एखाद्या देशात राहणारा वर्गणीदार काही काळासाठी दुसऱ्या सदस्य देशात गेला, तर कायद्याच्या दृष्टीने तो आपल्या घरीच बसून कार्यक्रम पाहत आहे असे मानावयाचे! त्यामुळे निर्मात्याशी नवा करार करण्याचे कारण राहत नाही, आणि कंपनीला जादा आकारही घेता येत नाही. घरी जे कार्यक्रम मिळतात, तेच प्रवासातही दिले पाहिजेत. ग्राहक खरोखर कोणत्या देशात राहतो हे कंपनीने वर्गणी घेताना व तिचे नूतनीकरण करताना पडताळावे. त्यासाठी ओळखपत्र, बँकेचा तपशील, विजेचे वा इंटरनेटचे देयक अशा ठरवून दिलेल्या पुराव्यांपैकी दोनपेक्षा अधिक मागू नयेत. पैसे भरून घेतलेल्या सेवेला हा नियम बंधनकारक आहे. फुकट सेवा देणाऱ्याने तो पाळावा की नाही, हे त्याच्या इच्छेवर सोडले आहे.

या नियमाचे मर्म एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. सुरतेच्या एका घरातील दोन भाऊ आहेत असे समजू. थोरला अँटवर्पमध्ये राहतो. धाकटा सुरतेत असून भावाकडे महिनाभर पाहुणा गेला आहे. दोघे मिळून लिस्बन पाहण्यास निघाले. थोरल्याने बेल्जियममध्ये घेतलेली वर्गणी लिस्बनमध्ये निर्वेध चालते. कारण कायदा पाहतो तो पारपत्राचा रंग नव्हे, तर राहण्याचे ठिकाण. धाकट्याची सुरतेतील वर्गणी मात्र अँटवर्पलाही अडते आणि लिस्बनलाही. कारण भारतातील वर्गणी बरोबर नेऊ देणारा असा करार युरोप आणि भारत यांमध्ये नाही. एकाच खोलीत, एकाच आईची दोन मुले. एकाचा पडदा उजळलेला, दुसऱ्याचा अंधारलेला!

या नियमालाही मर्यादा आहेत, आणि त्या दमण-दीवच्या कुटुंबांइतक्या क्वचितच कोणाला लागू पडत असतील. दमण १५५९ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. त्या राजवटीत जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग मोकळा राहिला, आणि त्या बळावर अनेकांनी युरोपात जाऊन संसार थाटले. अशा कुटुंबाची एक शाखा लिस्बनला व दुसरी लेस्टरला असे पुष्कळदा घडते. २०१८ पासून नाताळात एकमेकांकडे जाताना त्यांची वर्गणी बरोबर जात असे. पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, आणि १ जानेवारी २०२१ पासून हा हक्क दोन्ही बाजूंनी संपला. आता कंपनीने आपखुशीने दिले तरच मिळावयाचे. नातेवाईक तेच, सण तोच. दोन राज्यांमधील कागद मात्र बदलला.

दुसरी मर्यादा अशी की, नियम ‘काही काळासाठी’ गेलेल्यांना आहे. जो बेल्जियम सोडून पोर्तुगालमध्ये कायमचा राहावयास गेला, त्याला तेथील नवी वर्गणी घ्यावी लागते. वस्तूंच्या खरेदीत ग्राहकाला त्याच्या देशावरून अडवू नये असा एक निराळा युरोपीय नियम ३ डिसेंबर २०१८ पासून लागू झाला आहे. परंतु चित्रपट व दूरचित्रवाणी त्यातून वगळण्यात आली आहेत. तेव्हा युरोपातही सर्व दारे उघडली असे कोणी समजू नये.

या सर्व विवेचनातून एक गोष्ट आमच्या मनावर ठसली आहे. आपण ‘विकत घेतले’ असे ज्याला म्हणतो, त्यांतील पुष्कळ गोष्टी आपण विकत घेतलेल्याच नसतात. त्या वापरण्याची मुभा तेवढी घेतलेली असते. आजीने दिलेले प्रार्थनेचे पुस्तक पेटीत घालून मुलगी लिस्बनला गेली, तर ते तिला वाचता येते, मैत्रिणीला देता येते, मुलांसाठी ठेवताही येते. इंटरनेटवरील पुस्तकाचे तसे नाही. एकदा घेतलेले असे पुस्तक जुन्या बाजारात पुन्हा विकण्यास हक्कधारकाची परवानगी लागते, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ रोजी दिला. कागदाचे पुस्तक ही मालमत्ता आहे. पडद्यावरचे पुस्तक हा करार आहे. घरचा जमिनीचा व्यवहार करताना खरेदीखत कोणते आणि भाडेचिठ्ठी कोणती हे ओळखणारे आपले लोक, येथेही तो भेद ओळखतील तर फसगत टळेल.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. मुलगा थोड्या दिवसांसाठी परदेशी जात असेल, तर वर्षाची वर्गणी भरण्यापूर्वी ती त्या देशात चालेल काय, हे कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. काही कंपन्या कार्यक्रम यंत्रात आधी उतरवून घेऊ देतात. तशी सोय असल्यास निघण्यापूर्वी उतरवून तो प्रवासात उघडतो की नाही, याचीही चौकशी करावी. कायमचे जावयाचे असेल, तर येथील वर्गणीचे आपोआप होणारे नूतनीकरण थांबवावे. नाही तर न पाहिलेल्या मालिकांचे पैसे वडिलांच्या खात्यातून जात राहतात. गूगलच्या दुकानात खात्याचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, आणि जुन्या देशातील शिल्लक नव्या देशात खर्चता येत नाही. म्हणून ही शिल्लक आधीच संपवावी.

राहिला प्रश्न आडवाटेचा. ‘व्हीपीएन’ नावाच्या सोयीने आपला खरा पत्ता झाकून आपण भारतातच आहोत असे भासविता येते, आणि तरुण मंडळी हा उपाय एकमेकांना सांगत असतात. ही सोय मूळची वाईट नव्हे. बँका व कचेऱ्या आपले व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी तिचा उपयोग करतात. परंतु तिच्या आधाराने देशाची मर्यादा चुकविण्यास चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्या आपल्या अटींत सहसा मनाई करतात, आणि त्या अटी आपण मान्य केलेल्या असतात. मान्य केलेला शब्द गैरसोयीचा झाला म्हणून गुपचूप मोडावा, असे आम्ही कोणालाही सुचविणार नाही. अट अन्यायाची वाटत असेल, तर ती बदलून घेण्यासाठी उघडपणे बोलावे. मर्फीबाईंचे प्रकरणही अखेर न्यायालयातच तडीस गेले.

आणि बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परदेशी वाढणाऱ्या नातवाच्या कानावर मराठी पडण्याचे एक साधन म्हणजे हे कार्यक्रम होत. सुट्टीपुरता गेलेला वर्गणीदार घरीच आहे असे मानावयाचे, ही युरोपने सत्तावीस देशांत रूढ केलेली तोड भारताला आपल्या मित्रदेशांशी बोलणी करून आणता येणार नाही, असे नाही. निदान एवढे तरी कंपन्यांनी आजच करावे की, वर्गणी कोणत्या देशात चालते आणि कोणत्या देशात चालत नाही, हे पैसे घेण्यापूर्वी, ग्राहकाला कळेल अशा भाषेत, ठळक अक्षरांत सांगावे. तोवर वडीलधाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी तो प्रश्न स्वतःच विचारावा, आणि निघालेल्या मुलाच्या पेटीत दोन-चार मराठी पुस्तके आवर्जून घालावीत.