लालबागच्या खोलीत कूलर

नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी असते. कूलरच्या ओल्या ताट्यांतलं पाणी झपाट्याने वाफ होतं, हवेतली उष्णता ओढून घेतं. लालबाग-परळची हवा आधीच दमट. इथे खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात चादर चिकट होते आणि खापर कूलरवर फुटतं! कूलरची पाठ खिडकीला लावा, गॅलरीचं दार उघडं ठेवा. तरीही घाम सुकेना, तर पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

ताट्या कोरड्या राहिल्या तर प्लग काढून पंपाची जाळी बघा. बहुतेक वेळा तिथेच गवताच्या काड्या अडकलेल्या असतात. आठवड्याला टाकी रिकामी करून कडा घासा. डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी कडांनाच चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.